बिदर: घोषणेतलं नाव, जांभ्यावरचं शहर

‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.’ ही घोषणा कानावर न पडलेला मराठी माणूस विरळा. अधिवेशन जवळ आलं की सीमाप्रश्न बातम्यांत येतो, आणि त्याच्या मागोमाग ही घोषणाही. त्यातलं बेळगाव बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. निपाणी हायवेवरच लागते आणि कारवारला गोव्याकडून जाता-येता गाडी थांबते. बिदर मात्र आपण घोषणेत म्हणतो आणि तिथेच सोडून देतो. ते कुठे आहे, तिथे काय आहे आणि त्याला एवढा थोरला तट कशासाठी घातला, असं विचारलं तर बहुतेकांची पंचाईत होते.

खरं तर बिदरशी आपली ओळख जुनी आहे. दामाजीपंतांची कथा आठवा. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी लोकांसाठी उघडली, बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं धाडली, आणि विठ्ठलाने विठू महाराचं रूप घेऊन दरबारात रक्कम भरली. तो दरबार बिदरचा, म्हणजे जुन्या मराठीत बेदरचा. कीर्तनात आपण बिदरला कितीदा तरी जाऊन आलोय.

आधी नकाशा

कर्नाटकाचं अगदी उत्तरेचं टोक म्हणजे बिदर. पूर्वेला तेलंगण, पश्चिमेला आणि उत्तरेला महाराष्ट्र. उदगीरहून गाडीने तास-दीड तासाचा रस्ता. परळी ते विकाराबाद ही रेल्वे लातूर रोड, उदगीर, भालकी, बिदर अशी तीन राज्यं शिवत जाते, आणि डब्यात कुठल्या स्टेशनाला कुठली भाषा संपली हे सांगणं अवघड असतं.

ही सीमा तशी ताजी आहे. १९५६ पर्यंत बिदर हा हैदराबाद राज्यातला एक अख्खा जिल्हा होता. राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली आणि त्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले (१९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा ते त्यात आले). जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, मेदक जिल्ह्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले.

पण या रेघेच्या आधीही बिदर शतकानुशतकं कुणाच्या ना कुणाच्या सीमेवर होतंच. ते कसं, हे कळायला आधी जमिनीखाली जावं लागतं. माझं म्हणणं असं की बिदरचं राजकारण, तट, पाणी, एवढंच काय तिथली देवस्थानंसुद्धा, एका दगडाने ठरवली आहेत. तो दगड म्हणजे जांभा.

जांभा आणि त्याखालचा काळा दगड

जांभा म्हटलं की आपल्याला रत्नागिरी आठवते. घाटमाथ्याच्या इतक्या पूर्वेला तो असेल असं वाटत नाही, पण बिदरचं पठार जांभ्याचंच आहे. मुळात हा दख्खनचा नेहमीचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. लाखो वर्षं ऊन-पाऊस खाऊन त्याचा वरचा थर कुजला, विरघळण्यासारखं होतं ते पाण्याबरोबर वाहून गेलं आणि लोखंड-अॅल्युमिनियमचे ऑक्साइड मागे उरले. म्हणून तो लाल, आणि म्हणूनच त्याला भोकं. खाली मात्र काळा पाषाण शाबूत आहे.

त्यामुळे काय होतं? स्टीलच्या ताटलीत ढोकळ्याचा जाड तुकडा ठेवा आणि वरून वाटीभर पाणी ओता. पाणी जाळीतून खाली उतरेल, ताटलीशी अडेल आणि मग तुकड्याच्या कडांतून हळूहळू बाहेर येईल. बिदरच्या पठारावर पडलेल्या पावसाचं नेमकं हेच होतं. जांभा पाणी पितो, काळा पाषाण ते अडवतो, आणि पठाराच्या कडेला जिथे हे दोन थर भेटतात तिथे झरे फुटतात.

आता बिदरची तीर्थस्थानं बघा. गुरू नानक इथे आले तेव्हा पाणी खारं होतं, त्यांनी पायाने दगड सरकवला आणि गोडा झरा फुटला, अशी शीखांची श्रद्धा. तो गुरुद्वारा नानक झिरा. पापनाश हे शिवाचं देऊळ, तेही झऱ्याच्या कुंडापाशी. शहराबाहेरचा झरणी नरसिंह तर भुयारातच आहे. लांबलचक बोगद्यातून, कमरेच्या वर पाण्यातून चालत जावं लागतं. पोरं बापाच्या खांद्यावर, छताला वटवाघळं आणि समोरून दर्शन घेऊन परतणारी रांग. देव वेगवेगळे असले तरी तिन्ही ठिकाणी पाणी त्या एकाच थराचं.

राजधानी इथे का आणली?

बहामनी राज्य १३४७ साली सुरू झालं आणि त्याची राजधानी गुलबर्ग्याला होती. अहमदशहा १४२२ साली गादीवर आला आणि १४३० च्या आसपास त्याने राजधानी बिदरला हलवली.

याची एक गोष्ट सांगतात. सुलतान शिकारीला गेला असता एक ससा (काही म्हणतात कोल्हा) कुत्र्यांवर उलटला. जिथला ससाही शूर ती भूमी राजधानीला योग्य, असं सुलतानाला वाटलं. हीच गोष्ट अहमदाबादची म्हणूनही सांगतात आणि विजयनगरचीही. एवढे शूर ससे भारतात असते तर शिकारीला कुणी गेलंच नसतं. तेव्हा ती बाजूला ठेवू.

सरळ कारणं दिसतात ती अशी. गुलबर्ग्यात अहमदशहाच्या आधीच्या सुलतानाचे, म्हणजे त्याच्याच भावाचे लोक होते, आणि भावाला बाजूला सारून आलेल्या राजाला नवी जागा सोयीची असते. गुलबर्गा विजयनगरच्या सरहद्दीला जवळ पडायचं, बिदर राज्याच्या आतल्या बाजूला. आणि जागा म्हणून बघाल तर पठार दोन हजार फुटांहून उंच, हवा बरी, कडेला तुटलेला उतार आणि पायाखाली पाणी धरणारा दगड. वेढा पडला की पाणी हेच आधी संपतं, हे तेव्हाच्या राजांना पक्कं ठाऊक होतं.

तट आणि खंदक

बिदरला दोन कोट आहेत. एक किल्ल्याचा, दुसरा त्याला दक्षिणेकडून चिकटलेल्या शहराचा. किल्ल्याचा तट अहमदशहाच्या काळातला, १४३२ च्या सुमारास पुरा झालेला. शहराचा तट आज दिसतो तो बराच नंतरचा, सोळाव्या शतकाच्या मध्यातला, बहामनींनंतर इथे राज्य करणाऱ्या बरीदशाहीतल्या अली बरीदने बांधलेला. हे सव्वाशे वर्षांचं अंतर लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

उत्तरेला आणि पूर्वेला पठाराची कडाच आहे, तिथे निसर्गाने काम केलेलं. धोका दक्षिण-पश्चिमेला, सपाटीवर. म्हणून तिथे खंदक, आणि तोही साधा नाही, तिहेरी. खंदक खणून मग आत भिंती बांधल्या असं नाही. सलग जांभ्यात तीन चर कोरले आणि मधल्या दोन दगडी भिंती जागच्या जागी उभ्या ठेवल्या. शत्रूने पहिला चर भरून पार केला तरी समोर उघडी दगडी धार आणि तिच्यापलीकडे पुन्हा खोल चर. हे जांभ्यातच परवडतं. जांभा ताजा असताना पहार-छिन्नीने निघतो आणि हवा लागली की टणक होत जातो. काळ्या पाषाणात असा तिहेरी खंदक कोरायला एका सुलतानाची हयात पुरली नसती.

शहराच्या तटाला पाच दरवाजे: शहागंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तळघाट. मधोमध चौबारा हा गोल मनोरा, ७१ फूट उंच. त्याच्यावर उभं राहिलं की रस्ते सरळ लांबवर दिसतात. पहारेकऱ्याला आणखी काय हवं! आज त्याच्याभोवती रिक्षा आणि फळांच्या गाड्या असतात.

करेज: पंप नाही, तरी पाणी चालतं

बिदरमधली मला सगळ्यात थोर वाटणारी गोष्ट वरून दिसतच नाही. ती म्हणजे करेज. स्थानिक लोक तिला सुरंग बावीही म्हणतात. करेज म्हणजे जमिनीखालचा, अगदी किंचित उताराचा बोगदा. तो उंचावरच्या भूजलाला जाऊन भिडतो आणि ते पाणी आपल्याआप वस्तीपर्यंत आणतो. ही विद्या इराणची. तिथल्या कोरड्या मुलखात ती फार पूर्वीपासून चालत आली, आणि बहामनी दरबारात इराणी माणसांची रीघ होती, त्यांच्याबरोबर ती दख्खनला आली.

काम करायची रीत अशी. आधी उंचावर एक विहीर खणायची आणि पाणी लागतंय का पाहायचं. ती मूळ विहीर. मग जिथे पाणी हवं तिथून उलट, मूळ विहिरीच्या दिशेने बोगदा खणत जायचं. वाटेत ठराविक अंतरावर वरून उभी विवरं पाडायची. त्यांतून माती वर काढता येते, आत माणसाला हवा मिळते आणि पुढे वस्तीतल्या लोकांना तिथूनच दोर सोडून पाणी शेंदता येतं. बिदरजवळच्या नौबादची करेज दोन-तीन किलोमीटर लांब आहे आणि तिच्यावर अशी वीसेक विवरं आहेत.

सगळी मेख उतारात. उतार जास्त झाला तर पाणी जोरात वाहून बोगद्याची जमीन खरवडतं, कमी झाला तर गाळ साचतो. पंधराव्या शतकात, जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात हा उतार किलोमीटरभर साधायचा! आणि बोगदा चालवायचा कुठून, तर जिथे जांभा संपतो आणि काळा पाषाण सुरू होतो त्या थराच्या आसपास. म्हणजे खणणाऱ्यांना हा थर ओळखता येत होता.

‘विहिरी होत्याच की, मग एवढा खटाटोप कशाला?’ असं कुणी म्हणेल. विहिरीला मोट लागते, बैल लागतात, माणूस लागतो, आणि विहीर फक्त स्वतःच्या भोवतालचं पाणी ओढते. करेज रात्रंदिवस आपली आपण वाहते, उन्हाने आटत नाही आणि वेढा घालणाऱ्याला वरून दिसत नाही. महाराष्ट्रात याच घराण्यातली योजना पाहायची असेल तर औरंगाबादची नहर-ए-अंबरी आहे, मलिक अंबरच्या काळातली. बिदरच्या करेज तिच्याहून दीड-दोन शतकांनी जुन्या.

हे सगळं परकीयच म्हणायचं का?

हा आक्षेप हमखास येतो. काही अंशी खराही आहे. महमूद गवान हा बहामनी राज्याचा सगळ्यात कर्तबगार वजीर. तो इराणच्या गिलान प्रांतातला, व्यापारी म्हणून आलेला. त्याने बांधलेली मदरशाची तीन मजली इमारत १४७२ सालची. तिच्या दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशा होत्या, अगदी समरकंद-हेरातच्या धर्तीच्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिथे स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा एक मोठा तुकडा मिनारासकट गेला. आज एकच मिनार उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्यावर अजून निळ्या फरशा चिकटलेल्या आहेत, आणि जिथे पडल्यात तिथे उघडा चुना.

हाच गवान आपल्या इतिहासातही आहे. कोकणावर स्वारी करून त्याने खेळणा, म्हणजे विशाळगड घेतला, संगमेश्वर घेतलं आणि पुढे गोवाही. त्याच सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा विकायला म्हणून चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला आणि मग बिदरला पोचला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा अडकवून ठेवला होता, मोठ्या मिनतवारीने सुटला. बिदरबद्दल त्याने लिहिलंय की मुलूख माणसांनी गजबजलेला, सरदार ऐषारामात आणि खेड्यातली माणसं दैन्यात. दरबारी स्तुतिपाठकांपेक्षा या घोडेविक्याचं मत मला जास्त विश्वासाचं वाटतं.

पण बिदरमध्येच किल्ल्यातला रंगीन महाल पाहा. नक्षीचे लाकडी खांब थेट आपल्या जुन्या वाड्यांच्या जातकुळीचे, आणि त्याच महालात काळ्या पाषाणात शिंपल्याचे तुकडे बसवून केलेली फारसी अक्षरं. शहराबाहेर अष्टूरला अहमदशहाची कबर आहे. लिंगायत भाविक त्याला संत अल्लमप्रभूंचं रूप मानतात, आणि तिथल्या जत्रेला जंगम मानकरी येतात. यातलं परकीय किती आणि आपलं किती हे वेगळं काढायला बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

दरबारात मात्र ते वेगळं काढलं गेलं. बाहेरून आलेले आफाकी आणि इथले दख्खनी असे दोन तट पडले. गवानच्या शिक्क्याचं एक खोटं पत्र सुलतानाला दाखवलं गेलं आणि १४८१ साली गवानचा शिरच्छेद झाला. नंतर राज्य टिकलं नाही. शाळेत आपण बहामनीची पाच शकलं पाठ केली, ती याच्या पुढची.

राजधानीची सरहद्द झाली

पाचांपैकी बिदरची बरीदशाही सगळ्यात चिमुकली. एका बाजूला विजापूर, दुसऱ्या बाजूला गोवळकोंडा, तिसरीकडे अहमदनगर. जे बिदर मोठ्या राज्याच्या पोटात होतं ते आता तिघांच्या कुंपणावर आलं. शिवाय तोपर्यंत तोफा आल्या होत्या. आता आठवा तो शहराचा तट. राजधानी राज्याच्या पोटात सुरक्षित असताना जो बांधायची घाई नव्हती, तो सरहद्द दाराशी आल्यावर उभा राहिला. बुरुजांवरच्या थोरल्या तोफा आजही जागेवर आहेत.

१६१९ साली आदिलशहाने बिदर गिळलं. १६५७ साली औरंगजेबाने वेढा घातला. किल्लेदार सिद्दी मर्जान, म्हातारा पण चिवट. तिहेरी खंदक आणि तट असूनही किल्ला महिन्याभरात पडला, तो तट कमी पडला म्हणून नव्हे; बुरुजामागच्या दारूसाठ्यावर ठिणगी पडून स्फोट झाला आणि मर्जान त्यात होरपळला. औरंगजेब पुढे कल्याणीच्या (आजच्या बसवकल्याणच्या) वेढ्यात गुंतला, आणि त्याच उन्हाळ्यात शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घालून मोगलांचा खजिना आणि घोडे नेले. बिदरचा वेढा असा आपल्याही इतिहासाला जोडलेला आहे.

पुढे निजाम आला आणि बिदर आडबाजूला पडलं. आडबाजूला पडलं म्हणूनच बरंच टिकलं, असं माझं मत आहे.

बिदरी: किल्ल्याची माती आणि काळा रंग

बिदरचं नाव जगात गेलं ते मात्र तटामुळे नाही, बिदरी भांड्यांमुळे. जस्त जास्त आणि तांबं थोडं, असा मिश्रधातू ओतून भांडं करतात. त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवलं की ते तात्पुरतं काळपट होतं, म्हणजे नक्षीच्या रेघा उठून दिसतात. मग छिन्नीने नक्षी कोरायची आणि त्या खाचेत चांदीची तार हलक्या हाताने ठोकत बसवायची. घासून सगळं गुळगुळीत केलं की भांडं पुन्हा राखाडी, आणि चांदी जवळजवळ दिसेनाशी. शेवटी नवसागर आणि किल्ल्यातली माती पाण्यात उकळून भांडं त्यात बुडवतात. धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरी राहते. त्यावर तेलाचा हात.

माती किल्ल्याच्या आतल्या, ऊन-पाऊस न लागलेल्या जागेचीच हवी. कारागीर ती जिभेला लावून पारखतात. ‘दुसरी माती चालतच नाही’ हे मात्र जसंच्या तसं घेऊ नका. लखनौ, पूर्णिया, मुर्शिदाबादलाही एकेकाळी बिदरी काम होत असे. किमया मातीतल्या क्षारांची आहे, आणि जुन्या बंद वास्तूंत पाऊस न पोचल्याने ते क्षार धुपून जात नाहीत. २००६ साली बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली इथले कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली.

मग अडचण कुठे आहे?

२०२५ साली शिवकालीन बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, तेव्हा बिदर का नाही असं काहींनी विचारलं. बिदर युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०१४ पासून आहे, गुलबर्गा, विजापूर आणि हैदराबादसोबत. तात्पुरती यादी म्हणजे देशाने ‘पुढेमागे आम्ही हे मांडू’ असं कळवणं. तिथे नाव असल्याशिवाय अंतिम यादीत जाता येत नाही, आणि नाव असलं म्हणजे जाता येतंच असंही नाही.

खरा पेच शहराच्या कोटाच्या आत आहे. किल्ल्यात आता कुणी राहत नाही, तो पुरातत्त्व खात्याने कुंपण घालून सांभाळला. कोटाच्या आत मात्र शहर जितंजागतं आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा की राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. बिदरसारख्या ठिकाणी एका वास्तूचे १०० मीटर संपेपर्यंत दुसरीचे सुरू होतात. ज्याच्या आजोबाचं घर आत आहे त्याला भिंत पडली तरी परवानगीच्या रांगेत उभं राहावं लागतं. वारशाचा अभिमान बाळगा, हे त्याला बाहेरच्यांनी सांगणं फार सोपं आहे. हा नियम सरसकट मीटरने मोजण्याऐवजी जागा पाहून लावायला हवा, असं मला वाटतं.

आणि करेज? तिला तर मीटरही लागू होत नाहीत, कारण ती दिसत नाही. विवरावर कुणी स्लॅब टाकतो, कुणी त्यात सांडपाणी सोडतो. वर पठारावर जांभ्याचे चिरे काढले की पाणी पिणारा थरच पातळ होतो. बोअरवेलने भूजल बोगद्याच्या खाली गेलं की बोगदा शाबूत असूनही कोरडा. गेल्या दशकात नौबादच्या करेजमधला गाळ उपसला गेला आणि पाणी पुन्हा दिसलं, ही चांगली गोष्ट. पण गाळ काढणं हे काम सोपंच म्हणायचं. वरची जमीन मोकळी ठेवणं अवघड, कारण तिच्यावर प्लॉट पडतात.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल काय लागेल तो लागो, तोवर बिदर पाहायला कुणाची हरकत नाही. पावसाळा संपल्यावर जा, झरे भरलेले असतात. झरणी नरसिंहाला जायचं तर कपड्यांचा दुसरा जोड बरोबर ठेवा. किल्ल्यात रंगीन महालाला बहुतेकदा कुलूप असतं. तिथल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत विचारलं तर उघडून दाखवतात.